पातळ की जाड? लेकीच्या लॅपटॉपवरून घरात अबोला

पत्राचा सारांश: तासगाव तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार लिहितात, की थोरली मुलगी यंदा सांगलीत सिव्हिल इंजिनिअरिंगला लागली. वसतिगृह नको म्हणाली, रोज एसटीनं ये-जा करते. तिला लॅपटॉप घ्यायचा आहे. साठ हजार बाजूला काढलेत, फार तर पंच्याहत्तरपर्यंत ताणता येतील. मुलीला मैत्रिणीच्या भावाकडे आहे तसा सफरचंदाच्या खुणेचा, पातळ, धातूचा हवा आहे. तो नव्वद हजारांच्या घरात जातो. पुण्यात आयटीत असलेले तिचे मामा म्हणतात, इंजिनिअरिंगला ग्राफिक्स कार्डवाला गेमिंग लॅपटॉपच लागतो. जाड असला तरी मजबूत, चार वर्षं बघायला नको. तो पंच्याहत्तर हजारांना. सांगलीच्या दुकानदारानं पंचेचाळीस हजारांत एक पातळ दाखवला, दिसायला अगदी मुलीला हवा तसा. शिवाय मामा कंपनीतून निघालेला एक जुना लॅपटॉप तीस हजारांत मिळवून देतो म्हणतात. ‘एकदाच घ्यायचा आहे, पैसे वाया जायला नकोत. तुला नुसतं दिसणं महत्त्वाचं, असं मी पोरीला बोललो, तर तिनं आठवडाभर बोलणं टाकलंय. पातळ घ्यावा की जाड?’

दादा,

तुमच्या पत्रात चार किमती आहेत आणि घरादाराची मतं आहेत. पोरगी सकाळी कितीच्या गाडीनं निघते आणि तिला बसायला जागा मिळते का, हे मात्र कुठंच नाही. मला वाटतं, तिथूनच सुरुवात करायला हवी.

सकाळची तासगाव-सांगली गाडी कशी भरून येते ते मी तुम्हाला सांगायला नको. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, ते चांगलंच झालं, पण कॉलेजच्या वेळेच्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळाली तरी नशीब. सॅक पाठीवरून काढून छातीशी धरायची, एका हातात वरचा दांडा, दुसऱ्या हातात ड्रॉइंगच्या शीटची नळी, ड्राफ्टर कुठंतरी बगलेत. त्यात डबा, पाण्याची बाटली, जर्नल. संध्याकाळी पुन्हा तेच. अशा मुलीनं ‘पातळ हवा’ म्हटलं, तर ते दिसण्यासाठीच कशावरून? तिला ‘हलका’ म्हणायचं असेल. दुकानात सगळ्यात आधी जाडी दिसते, म्हणून मुलं ‘पातळ’ म्हणतात. वजन पाठीला कळतं ते नंतर.

तुमच्याकडे बेदाण्याचा वजनकाटा असणारच. तिची भरलेली सॅक एकदा काट्यावर ठेवा, तिच्यासमोरच. मग त्यात मनातल्या मनात भर घाला: गेमिंग लॅपटॉप साधारण सव्वादोन ते अडीच किलोचा असतो, आणि दुकानातल्या कार्डावर लिहीत नाहीत ती गोष्ट म्हणजे त्याचा चार्जर. त्या विटेचं वजन अर्ध्या किलोच्या वर जातं. बरोबर नेल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण कार्डवाला लॅपटॉप बॅटरीवर पुरत्या ताकदीनं चालत नाही आणि चाललाच तर फार वेळ टिकत नाही. पातळ लॅपटॉप सव्वा ते दीड किलोचा, चार्जर दोनेकशे ग्रॅमचा. एकूण फरक दीड किलोच्या आसपास. ट्रॅक्टरमध्ये क्रेट चढवणाऱ्या माणसाला दीड किलो म्हणजे काहीच नाही, हे खरं. पण रोज दोन वेळा, उभ्यानं, चार वर्षं असा हिशेब धरा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. ‘पातळ की जाड’ असं विचारताना तुम्ही दोन गोष्टी गृहीत धरल्यात: पातळ म्हणजे नाजूक आणि दिखाऊ, जाड म्हणजे दणकट आणि पैसे वसूल. मी सांगली-मिरजेत दुरुस्तीच्या टेबलाशी बसणारा माणूस आहे, माझ्याकडे दोन्ही जातीचे लॅपटॉप उघडे पडलेले असतात, आणि हा हिशेब तितका सरळ नाही. लॅपटॉपला पातळपणा एक तर पैसा ओतून येतो, नाहीतर काटछाट करून. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तुमच्या मुलीला आवडलेला नव्वद हजारांचा पहिल्या वाटेनं पातळ झालाय, दुकानदाराचा पंचेचाळीसचा दुसऱ्या वाटेनं. घरातली भांडणं पहिल्यावरून चालू आहेत, पण फसगत व्हायची तर ती दुसऱ्यात होईल.

पातळपणा महाग का पडतो ते थोडं सांगतो. २००८ च्या जानेवारीत सफरचंदाच्या खुणेच्या त्या ॲपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी सॅन फ्रान्सिस्कोत भरसभेत कागदी पाकिटातून एक लॅपटॉप बाहेर काढला, पहिला मॅकबुक एअर. सर्वांत जाड भागातही दोन सेंटिमीटरपेक्षा कमी. किंमत १,७९९ डॉलर. त्याच कंपनीचा साधा मॅकबुक तेव्हा १,०९९ डॉलरला मिळत होता आणि त्याचा प्रोसेसर (आकडेमोड करणारी मुख्य चिप) या नव्यापेक्षा जोरकस होता. म्हणजे गिऱ्हाइकानं सातशे डॉलर जास्त मोजले आणि वेग कमी घेतला. सीडीचा ड्राइव्ह गेला, यूएसबीची खाच एकच उरली. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण इथं मोल चांगलंच होतं! तरी लोकांनी तो घेतला, कारण कित्येकांना वेगापेक्षा खांदा महत्त्वाचा होता. पुढं २०११ मध्ये प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेलनं ‘अल्ट्राबुक’ नावाखाली बाकीच्या कंपन्यांनाही त्याच वाटेवर ओढलं.

नंतर मात्र पातळपणाचा अतिरेक झाला. ॲपलनं २०१५ मध्ये कीबोर्डची आतली यंत्रणाच चपटी केली. बटणाखाली धुळीचा कण गेला की अक्षर उमटायचं नाही, नाहीतर दोनदा उमटायचं. २०१९ च्या अखेरीपासून ते जुन्या पद्धतीवर परतले, आणि २०२१ चा १६ इंची मॅकबुक प्रो आधीच्यापेक्षा जाड आणि जड करून, काढून टाकलेल्या एचडीएमआयच्या (टीव्ही-प्रोजेक्टर जोडायच्या) आणि मेमरी कार्डाच्या खाचा त्यांनी परत दिल्या. ज्यांनी पातळपणाचं वेड लावलं त्यांनाच मागं यावं लागलं, तेव्हा तुमच्या घरात यावरून वाद होतोय यात नवल नाही.

सगळं भांडण खरं तर उष्णतेचं आहे. प्रोसेसर जेवढी वीज खातो तेवढी उष्णता टाकतो. तांब्याच्या चपट्या नळीतून ती उष्णता पत्र्यांच्या बारीक जाळीपर्यंत जाते आणि पंखा ती बाहेर फेकतो. तुमच्या बेदाणा शेडमध्ये रॅकच्या दोन जाळ्यांतलं अंतर निम्मं केलं तर त्याच शेडमध्ये माल जास्त मावेल, पण वारं खेळणार नाही. पातळ लॅपटॉपच्या पंख्याची तीच गत होते. पात्यांची उंची कमी, म्हणून जास्त वेगानं फिरावं लागतं, आवाज करावा लागतो, आणि तरी गर्मी साठतेच. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःच वेग उतरवतो, जळू नये म्हणून. म्हणून एकच नाव असलेला प्रोसेसर जाड लॅपटॉपमध्ये तासभर दमदार चालतो आणि पातळात पहिली काही मिनिटं जोर दाखवून मंदावतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा हा फरक आणखी उघडा पडतो. दुकानात एसी चालू असतो आणि आपण दोन मिनिटं माउस हलवून बघतो, तिथं काही कळत नाही.

आता तो पंचेचाळीस हजारांचा. मी तो मॉडेल पाहिलेला नाही, पण त्या किमतीत तसं रूप आलं कुठून याचा अंदाज बांधता येतो. खालच्या बाजूला किंवा वेबसाइटवर बॅटरीचा आकडा वॉट-तासांत लिहिलेला असतो. अशा लॅपटॉपला तो चाळीसच्या आसपास सापडतो. लिहिणं-वाचणं, नेट एवढ्या हलक्या कामाला दहा वॉट धरले तर चार तास, आणि एका वर्षानं त्याहून कमी. रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणारी मेमरी, ८ जीबी, तीही बोर्डाला सोल्डर केलेली. म्हणजे नंतर वाढवायची सोयच नाही, कारण रॅमची पट्टी बसवायच्या खाचेला उंची लागते आणि इथं उंचीवरच काट मारलेली असते. पडदा मंद, खिडकीशेजारी बसलं की आपलंच तोंड दिसतं. आणि धातूसारखा दिसणारा रंग बऱ्याचदा प्लास्टिकवर मारलेला.

ते प्लास्टिक कुठं मार खातं, तर हिंजपाशी. पडदा उघडायची बिजागरी खालच्या बॉडीत इवल्याशा पितळी नटांवर बसवलेली असते. ते नट प्लास्टिकच्या खुंट्यांत दाबून बसवलेले. बिजागरी घट्ट आणि प्लास्टिक पातळ, की रोजच्या उघडझाकीनं एक दिवस खुंटीच उखडते. गिऱ्हाईक येतं ते ‘पडदा उघडताना कट् असा आवाज आला’ म्हणत. उघडून बघावं तर नट सुटा, त्याच्याभोवती प्लास्टिकचा भुगा. दुसरा नेहमीचा रोगी म्हणजे टचपॅडचं क्लिक होत नाही म्हणून आलेला. खरं दुखणं बॅटरीचं असतं. ती फुगून खालून टचपॅडला रेटा देते. (असं झालं तर टोचून, दाबून बघू नका, लॅपटॉप बंद करून तसाच दुरुस्तीला न्या.) पातळ असल्यामुळे बॅटरी फुगते असं नाही, पण पातळ बॉडीत तिला अंग पसरायला जागा नसते, आणि काही मॉडेलांना नवी मिळवताना दमछाक होते.

म्हणून मामा म्हणतात तो जाड बरा का? मामांचा हेतू चांगला आहे आणि ते स्वतः संगणकावर जगतात, त्यांचं म्हणणं झटकून टाकू नये. पण पंच्याहत्तर हजारांच्या गेमिंग लॅपटॉपमध्येही काटछाट असतेच, तिची जागा वेगळी. पैशाचा मोठा हिस्सा कार्डात जातो, मग पडदा, बॉडी, बॅटरी यांत हात आखडता घेतला जातो. जाड आहे म्हणून दणकट, असं मुळीच नाही. ती बॉडीही प्लास्टिकचीच असते आणि तिथंही तेच पितळी नट उखडतात. ‘लष्करी दर्जाची मजबुती’ असं स्टिकर बघून हुरळू नका, त्या चाचण्या बहुतेक वेळा कंपनीनं स्वतःच केलेल्या किंवा करवून घेतलेल्या असतात, लष्कर काही शिक्का मारत नाही. जाड असण्याचे खरे फायदे दोन. पंख्याला जागा मिळते, आणि दुरुस्तीला बरं पडतं: रॅम, एसएसडी (फायली साठवायची जागा) बदलता येते, पंखा काढून साफ करता येतो. मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवरचा लॅपटॉप उघडला की पंख्याची पाती पिवळीजर्द असतात आणि जाळीवर हळद-धुळीचं नमद्यासारखं जाड आवरण बसलेलं असतं. जाड लॅपटॉपचं ते अर्ध्या तासात निघतं. तुमच्या घरातही बेदाण्याच्या हंगामात धूळ काही कमी नसणार, तेव्हा हे लक्षात ठेवा.

राहिला ग्राफिक्स कार्डाचा, म्हणजे पडद्यावरची चित्रं तयार करणाऱ्या वेगळ्या चिपचा प्रश्न. सिव्हिलला लागतं तरी काय? पहिल्या वर्षी प्रोग्रॅमिंगची तोंडओळख, ड्रॉइंग, ऑटोकॅड. पुढं स्टॅड प्रो, ईटॅब्स ही इमारतीच्या विश्लेषणाची सॉफ्टवेअरं आणि इमारतीचं त्रिमितीय मॉडेल उभं करणारं रेव्हिट. इमारतीचं विश्लेषण म्हणजे प्रचंड आकडेमोड, ती प्रोसेसर आणि रॅम करतात, कार्ड तिथं बघत बसतं. रेव्हिटलाही आधी प्रोसेसर आणि रॅम लागते. कार्डाचा उपयोग त्रिमितीय चित्र फिरवताना थोडा आणि इमारतीचं फोटोसारखं चित्र तयार करताना भरपूर होतो. हे काम आर्किटेक्चरच्या पोरांना रोजचं, सिव्हिलच्या पोरांना एखाद्या प्रोजेक्टपुरतं. तेवढ्यासाठी कॉलेजची लॅब आहे. मामांना आणखी एक विचारा: कार्डाच्या नावापुढं किती वॉट लिहिलंय? एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० या एकाच नावाचं कार्ड लॅपटॉप कंपनीला ३५ पासून ११५ वॉटपर्यंत कितीवरही चालवायची मुभा आहे. नाव तेच, काम पुष्कळ कमी-जास्त. मामांना हे ठाऊकही असेल, पण दुकानदार आपणहून सांगत नाही.

आता मुलीची निवड. तिची नजर वाईट नाही, हे तुम्ही तिला सांगावं असं मला वाटतं. नोव्हेंबर २०२० मध्ये त्या कंपनीनं स्वतःची चिप घातलेला एअर काढला, ती चिप इतकी कमी वीज खाते की त्यात पंखाच नाही. मूळ उष्णताच कमी, म्हणून पातळपणासाठी वेगाचा बळी फारसा द्यावा लागला नाही. बॅटरी दिवसभर पुरते. तुमची मुलगी बीकॉमला, कायद्याला, पत्रकारितेला किंवा भाषा शिकायला गेली असती, तर ‘हप्त्यानं का होईना, घेऊन टाका, सहा-सात वर्षं बघू नका’ असं मीच म्हटलं असतं. सिव्हिलला मात्र अडचण आहे. ऑटोकॅड त्यावर चालतं. स्टॅड प्रो, ईटॅब्स, रेव्हिट हे विंडोजवरचे. आडमार्गानं विंडोज चढवता येतं, पण त्या चिपवर ही सॉफ्टवेअरं नीट चालतील याची हमी कुणी देत नाही, आणि तिसऱ्या वर्षी सबमिशनच्या आदल्या रात्री ते प्रयोग करायची वेळ तिच्यावर यायला नको. विंडोजच्या लॅपटॉपमध्येही आता स्नॅपड्रॅगन चिपवाले पातळ, दीर्घ बॅटरीचे मिळतात. इंजिनिअरिंगच्या मुलांनी आपली सॉफ्टवेअरं त्यावर चालतात का हे तपासल्याशिवाय तेही घेऊ नयेत.

हे तिला तुम्ही ऐकवण्यापेक्षा तिनंच शोधून काढलं तर जास्त पटेल. तिसऱ्या वर्षाच्या दोन-चार मुलींना विचारून ये म्हणावं: कुठली सॉफ्टवेअरं लागली, लॅब किती वेळ उघडी असते, लॅपटॉप रोज न्यावा लागतो की आठवड्यातून दोनदा. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. आठवड्यातून दोनदाच न्यायचा असेल तर वजनाचा मुद्दा बराच हलका होतो आणि मामांचं पारडं जड होऊ शकतं.

माझा स्वतःचा कल मधल्या वाटेकडे आहे. दिसायला ना पातळ ना जाड, वजन दीड ते पावणेदोन किलो, पडदा १४ इंची (फार तर १५.६), पंखा असलेला, वेगळं कार्ड नसलेला. मॉडेलचं नाव देत नाही. दर काही महिन्यांनी ती बदलतात आणि हे पत्र पुढच्या वर्षी वाचणाऱ्याचा घोटाळा होईल. तुमच्या साठ हजारांच्या आसपास बघताना या गोष्टींवर अडून बसा: रॅम १६ जीबी, आणि निदान एक पट्टी तरी खाचेत बसणारी, एसएसडी ५१२ जीबी, बॅटरी ५० वॉट-तासांच्या वर, पडद्याचा उजेड ३०० निट्स किंवा जास्त, चार्जिंग यूएसबी-सी खाचेतून होणारं. ही शेवटची अट लोक सोडून देतात. तिच्यामुळे छोटा चार्जर चालतो, विसरला तर मैत्रिणीचा चालतो, आणि रात्री महावितरणनं दगा दिला तर योग्य ताकदीच्या पॉवरबँकवरही काम निभावतं. प्रोसेसरबद्दल दुकानदार ‘आय फाइव्ह आहे’ म्हणाला की तिथं थांबू नका, पूर्ण नाव लिहून घ्या. इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘यू’ असेल तर तो कमी विजेवर चालणारा, बराच काळ १५ वॉटच्या जातीचा. ‘एच’ असेल तर जोरकस, ४५ वॉटच्या जातीचा. मधल्या जाडीच्या लॅपटॉपमध्ये ‘एच’ही बऱ्यापैकी निभतो. अतिपातळात ‘एच’ दिसला तर जाहिरात समजा.

याच वाचकांत कुणाचं मूल कॉम्प्युटर किंवा एआयच्या शाखेला असेल तर त्यांना कार्डाचा मोह जास्त होईल. शिकण्यापुरतं एआयचं मॉडेल चालवायला गूगल कोलॅब या ऑनलाइन सेवेवर कार्ड फुकटात, मर्यादित वेळ का होईना, वापरायला मिळतं. मी तिथंही रॅम आणि बॅटरीला आधी पैसे घालीन. आर्किटेक्चर, ॲनिमेशन, व्हिडिओ एडिटिंग यांचं तसं नाही. तिथं कार्ड हवं, चांगल्या रंगांचा पडदा हवा, जाडी आणि वजन निमूट सोसावं, आणि शक्य असेल तर कॉलेजजवळ राहावं.

तीस हजारांच्या जुन्या लॅपटॉपला तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत गुंडाळलंय. मला तो प्रस्ताव वाटतो त्याहून चांगला वाटला. कंपन्यांतून निघणारे लॅपटॉप बहुधा ऑफिसच्या वापरासाठी बनवलेले असतात: हिंज मजबूत, कीबोर्ड चांगला, स्क्रू काढले की आतलं सगळं बदलता येतं, सुटे भाग मिळतात. दोन गोष्टी तपासा. प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, नाहीतर विंडोज ११ रीतसर चालणार नाही, आणि विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुसरं म्हणजे बॅटरी. ती थकलेली असणार असंच धरून नव्या बॅटरीचे पैसे हिशेबात घ्या. आणि कागद हवा. कंपनीनं रीतसर विकल्याचं बिल नसेल तर मामांचा असला तरी घेऊ नका.

‘एकदाच घ्यायचा’ हे तुमचं वाक्य त्यासाठीच पुन्हा तपासून बघा. चार वर्षांनंतर काय लागेल ते आज कुणालाच ठाऊक नाही, म्हणून आपण भीतीपोटी आजच सगळ्यात मोठं घेतो. पहिल्या दोन वर्षांना तीस हजारांचा जुना लॅपटॉप पुरला, तर उरलेल्या तीस हजारांत थोडी भर घालून तिसऱ्या वर्षी, नेमकी गरज कळल्यावर, नवा घेता येईल. किंवा आता साठचा घेतला आणि रॅमची खाच मोकळी ठेवली, तर पुढं रॅम वाढवून त्याला उमेद देता येईल. या दोन्ही वाटा मला पंच्याहत्तरच्या गेमिंगपेक्षा शहाणपणाच्या वाटतात. पण जुना वापरायचा कमीपणा तिला वाटत असेल तर जबरदस्ती करू नका. पहिल्या वर्षी मुलं एकमेकांच्या बॅगा बघतात, आणि तेही वय आपण काढलंय.

हप्त्यांचं थोडक्यात. ‘नो कॉस्ट’ म्हटलं तरी प्रोसेसिंग फी असते, व्याजाच्या भागावर जीएसटी लागतो, आणि रोखीनं मिळणारी सूट बऱ्याचदा हातची जाते. दोन्ही आकडे कागदावर मागा. बेदाण्याचे पैसे एकरकमी हातात येणाऱ्या घराला दरमहाच्या हप्त्याची शिस्त जाचते, हे मी सांगायला नको.

मुलीशी बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहितो. ‘माझं चुकलं’ वगैरे बोलायला जड जात असेल तर तिला रक्कम द्या आणि निवड तिच्यावर सोपवा. ‘साठ हजार तुझे. वर लागले तर का लागले ते मला पटवून दे. खाली भागलं तर उरलेले तुझ्याच खात्यात.’ मामांना फोन लावून दोघांना बोलू द्या, तुम्ही मध्ये पडू नका. तिनं आणलेल्या यादीत शेवटी एखादा मॉडेल केवळ रंग आवडला म्हणून असेल, तर असू द्या. रोज उघडायची वस्तू आवडती असावी, यात गैर काही नाही.

दुकानात जाताना तिची नेहमीची सॅक, वह्यांसकट, बरोबर न्या. लॅपटॉप आणि चार्जर दोन्ही आत घालून तिला दुकानातच थोडं फिरू द्या. एका हातानं पडदा उघडून बघा. बॉडी खालून उचलली जात असेल किंवा कोपरा करकरत असेल तर ठेवून द्या. कीबोर्डच्या मधोमध बोटानं दाबा, पाटासारखा घट्ट राहिला पाहिजे, खड्डा पडता कामा नये. सर्व्हिस घरी येऊन देतात की कोल्हापूर-पुण्याला पाठवावं लागतं ते विचारा, आणि पडणं-सांडणं धरणारी वाढीव वॉरंटी मिळत असेल तर एसटीनं जाणाऱ्या मुलीसाठी ती घ्या. गेमिंग कार्डापेक्षा तिचा उपयोग जास्त होईल. बिल मुलीच्या नावानं करा, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या, आणि वॉरंटी संपेपर्यंत खोकं माळ्यावर ठेवा.